पुंगळीतली शेव

खजराना गणपतीच्या देवळापासून जरा आत, रिंग रोडचा गोंगाट मागे पडतो त्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीची शेवटची वर्षं महूत गेली, मुलांची शिक्षणं इंदूरला झाली आणि गावी परतायचं राहूनच गेलं. त्यांच्या दिवाणखान्यात एक लाकडी ढाल आहे, निवृत्तीच्या दिवशी पलटणीने दिलेली. तिच्यावर रायफलच्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी बसवलेली आहे. बुडाशी पितळी टोपी, टोपीत सुईने पाडलेला खळगा, आणि वर निमुळत्या मानेवर काजळीचा पुसट पट्टा, एका बाजूला जरा जास्त.

"ही एवढीच घरी आली," सुभेदार म्हणाले. "रेंजवर जितके राउंड घ्यायचे, तितके खोके, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, मोजून परत. एक कमी भरला की सगळे गुडघ्यावर बसून गवत चाळणार."

मी विचारलं, "साहेब, नेम चुकला की आपण माणसाला बोल लावतो. दारूचा दोष कधी असतो का?"

पोहे समोर आले होते. इंदुरात पोह्यांवर शेव नसेल तर पाहुण्याचा अपमान समजतात. सुभेदारांनी माझ्या बशीतली एक बारीक शेव उचलली, डब्यातून जाड लौंग शेवेचा एक तुकडा काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "ही एक दारू, ही दुसरी. एकाच पिठाची. आता सांगा, कढईत टाकल्यावर आधी कोण तळून निघेल?"

या प्रकरणात जे सांगायचं आहे त्याचं मूळ या प्रश्नात आहे. उपमा सोयीची आहेच, पण रायफलची दारू खरोखर शेवेसारखीच पाडतात. कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळवायचं, ते ईथर आणि अल्कोहोलमध्ये मळायचं, मळलेला गोळा दाबयंत्रात घालून बारीक भोकांतून ढकलायचा, बाहेर येणाऱ्या तारा कापायच्या, वाळवायच्या आणि ग्रॅफाइटमध्ये घोळायच्या. जुन्या दारूचा जीव सोऱ्यात होता, नवी सोऱ्यातून बाहेर पडते. हा शब्दांचा योगायोग मराठीतच जमून येतो.

दारू जळते ती पृष्ठभागावरून आत. एक ग्रॅम दारूचे बारीक कण केले तर जळायला पृष्ठभाग भरपूर, म्हणून वायू झपाट्याने तयार होतो. त्याच एका ग्रॅमच्या जाड काड्या केल्या तर तोच वायू सावकाश निघतो. 'सावकाश' म्हणजे किती, तर घोडा ओढून सुई टोपीवर आपटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंतचा सगळा मामला काही मिलिसेकंदांत आटोपतो, आणि गोळी प्रत्यक्ष नळीतून धावते ती जेमतेम एक-दीड मिलिसेकंद. तेवढ्यात कोणती दारू कधी, किती जोर लावते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

काडीला आरपार भोक पाडलं तर आणखी एक युक्ती साधते. काडी बाहेरून जळत बारीक होते तसा बाहेरचा पृष्ठभाग घटतो. आतलं भोक जळत रुंद होतं तसा आतला पृष्ठभाग वाढतो. एक कमी, एक जास्त. बेरीज जवळपास तेवढीच राहते आणि वायू एकसारखा निघत राहतो. रायफलच्या दारूची काडी नखावर घेऊन भिंगातून पाहिली तर टोकाला सुईने टोचल्यासारखं हे भोक दिसतं. एका काडीचं वजन मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम.

नेमासाठी दारू निवडताना काय शोधायचं हे समजायला आधी नेम अजिबात न लागणारी दारू पाहावी. ती इंदूर जिल्ह्यातच आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाने वसलेल्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंगोट युद्ध होतं. आपल्याकडे ज्याला हिंगणबेट म्हणतात त्या झाडाचं लिंबाएवढं, टणक सालीचं फळ पोखरून वाळवायचं, त्यात सोरा, गंधक, कोळशाची दारू ठासायची, तोंड मातीने लिंपायचं, दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधायची, आणि पेटवून समोरच्यांवर सोडायचं. एका बाजूला गौतमपुऱ्याचा तुर्रा, दुसरीकडे रुणजीची कलगी. आपले कलगी-तुरेवाले सवाल-जवाबावर भागवतात, इथे दरवर्षी माणसं भाजून घेतात.

त्या मैदानावर हिंगोट कुठेही जातो. एक सरळ, एक गिरकी घेत मागे, एक जागच्या जागी फुसका बार. काडी बांधूनही असं का होतं? कारण प्रत्येक फळाचं पोट वेगळं, ठासणाऱ्याचा हात वेगळा, कोळसा आज या लाकडाचा तर उद्या त्या, सोरा थोडा सर्दावलेला. शंभर हिंगोट म्हणजे शंभर वेगळी काडतुसं. जोर कमी पडतो असं मुळीच नाही. प्रत्येकाचा जोर निराळा असतो, ही खरी अडचण.

काडतूस हाताने भरणारा नेमबाज या उलट टोकाला बसलेला असतो. त्याला शंभर काडतुसं हवी असतात आणि ती सगळी एकच काडतूस असल्यासारखी वागायला हवी असतात. नवखा माणूस दारूच्या डब्यावर 'जास्तीत जास्त वेग' शोधतो. मुरलेला माणूस वेग सेकंदाला पन्नास मीटरने कमी असला तरी चालवून घेतो, पण दोन बारांमधला फरक त्याला खपत नाही.

हिशेब करून पाहू. साधारण ८०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेली गोळी ३०० मीटरवर पोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून जवळपास पाऊण-एक मीटर खाली येते. एका बारात वेग १० मीटरने कमी पडला तर ती आणखी दोनेक सेंटिमीटर खाली लागते. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे हे पोटात घालता येतं. हजार मीटरवर मात्र तोच फरक फूटभर किंवा त्याहून जास्त होतो. तिथे श्वास रोखून, वारा वाचून, काटेकोरपणे घोडा ओढणाऱ्याची सगळी मेहनत पुंगळीतल्या दारूने आधीच वाया घालवलेली असते.

आता निवड. पहिली गाठ पुंगळीच्या पोटाची आणि नळीच्या भोकाची. पोट मोठं आणि भोक लहान असेल तर वायूला बाहेर पडायची वाट चिंचोळी. तिथे सावकाश जळणारी दारू लागते. गोळी जड असेल तरी तेच. बंद पडलेली जीप ढकलायची असेल तर धावत येऊन खांदा मारणारा उपयोगाचा नाही, खांदा लावून रेटत राहणारा हवा. चपळ दारू गोळी हललीही नसताना सगळा दाब उसळवते. पिस्तुलाची दारू चुकून रायफलच्या पुंगळीत गेली तर नळीसकट रायफल फाटू शकते. महूसारख्या छावण्यांत परिचयाच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचं व्यापारी भावंड म्हणजे .३०८ विंचेस्टर. त्याचा ठरवून दिलेला कमाल दाब चौरस इंचाला सुमारे ६२ हजार पौंड आहे. आपल्या गाडीच्या चाकात बत्तीस-तेहतीस असतो. या आकड्यांशी अंदाजपंचे खेळ करत नाहीत. म्हणूनच कोणत्या काडतुसात कोणती दारू किती, हे दारू बनवणाऱ्याच्याच छापील तक्त्यात पाहायचं असतं, आणि या पुस्तकात ते आकडे मुद्दाम दिलेले नाहीत.

दारूंची चपळतेनुसार उतरंड लावलेली कोष्टकं मिळतात. ती वाचताना एक जपावं. निकालपत्रात नंबर छापला पण गुण छापले नाहीत, तशी ही कोष्टकं असतात. बाराव्या आणि तेराव्या नंबरच्या दारूंत केसाचं अंतर असेल किंवा दरी असेल, कळत नाही. आणि डोळ्यांवर तर मुळीच विसंबू नये. शेव चाखून ओळखता येते. दोन दारू हुबेहूब सारख्या दिसूनही स्वभावाने वैरी असू शकतात. लेबल गेलेल्या डब्यातली दारू वापरायची नसते.

दुसरी गाठ भरण्याची. पुंगळी अर्धी रिकामी राहिली तर दारू आत लवंडते. नळी खाली झुकवून वर आणली तर ती गोळीकडे, वर करून खाली आणली तर टोपीकडे. टोपीची ठिणगी कधी दारूच्या ढिगावर पडते, कधी पोकळीत, आणि वेग बदलतो. म्हणून अचूकतेसाठी अशी दारू बघतात की योग्य दाबाला पोचताना पुंगळी जवळपास भरून जाईल आणि आत हलायला जागा उरणार नाही. दोन दारू सारखा वेग देत असतील तर जास्त जागा व्यापणारी घ्यावी. हा नियम मला या साऱ्या शास्त्रातला सगळ्यात घरगुती वाटतो. अर्ध्या भरलेल्या डब्यातले लाडू फुटतात, गच्च भरलेल्यातले नाही.

तिसरी गाठ मापाची. लांब काड्यांची दारू मापयंत्रातून नीट गळत नाही. काड्या आडव्या पडतात, दांडा फिरवताना कर्र असा आवाज येतो, एखादी तुटते, कधी चिमूट जास्त पडते तर कधी कमी. गोल दाण्यांची दारू, जी अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाली, ती खसखशीसारखी सुळकन वाहते आणि माप अचूक येतं. पण ती बहुधा जरा जोरकस टोपी मागते आणि उन्हाळ्या-थंडीला जास्त बिथरते. काड्यांची दारू मापायला हट्टी असली तरी जळायला बहुधा भरवशाची, म्हणून लांब पल्ल्याचे लोक ती सोनाराच्या चिकाटीने तोलून भरतात. त्यांचं वजन 'ग्रेन'मध्ये चालतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. काटा त्याचाही दहावा भाग दाखवणारा असतो. गंमत म्हणजे टेबलावर रायफल टेकवून शंभर-दोनशे यार्डांवर एकाच भोकात गोळ्या घालणारे बेंचरेस्टवाले बहुतेक तोलत नाहीत, मापानेच भरतात. त्यांच्या ६ मिलिमीटर पीपीसी या आखूड, जाड काडतुसासाठी फिनलंडच्या विहतावुओरी कारखान्याची एन-१३३ ही एकच दारू त्या पंथात जवळपास कुलदैवत आहे. जवळच्या पल्ल्यावर वेगातला किरकोळ फरक लक्ष्यावर दिसतच नाही, एवढंच त्यामागचं इंगित.

चौथी गाठ माळव्यातल्या आणि विदर्भातल्या माणसाला न सांगता कळावी: ऊन.

उन्हाची ही अडचण समजायला थोडं मागे जावं लागतं. १८९१ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी .३०३ काडतुसासाठी कॉर्डाइट मंजूर केलं. आबेल आणि देवर या रसायनशास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये काढलेली ही बिनधुराची दारू. त्याआधी १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने पहिली वापरण्याजोगी धूरविरहित दारू केली होती आणि सगळ्या युरोपच्या पोटात गोळा आला होता. कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ आणि व्हॅसलीन ५. ते शेवयांसारखं लांब पाडत आणि साठेक शेवयांची जुडी पुंगळीत उभी घालत. निमुळत्या मानेतून जुडी आत जाईना, म्हणून आधी सरळ पुंगळीत दारू भरायची आणि मग मान आवळायची असा उलटा कारभार होता.

दारू बदलली आणि रायफल हरली. तेव्हाच्या ली-मेटफर्ड रायफलच्या नळीतले आटे उथळ होते, काळ्या दारूची घाण चिकटू नये म्हणून. कॉर्डाइट इतकं गरम जळे की हे आटे भराभर झिजून नेम जाऊ लागला. अखेर १८९५ मध्ये एन्फील्डचे खोल, पाच आटे आले, आणि ली-एन्फील्ड जन्मली. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कालपरवापर्यंत दिसणारी थ्री-नॉट-थ्री तीच. म्हणजे दारूची निवड नळीचीही निवड असते, हा धडा एका साम्राज्याने पैसे मोजून घेतला.

व्हॅसलीनची कथा आणखी मजेदार. ते घातलं होतं नळीला वंगण मिळावं म्हणून. वंगणाचं काम त्याने काही केलं नाही, पण उष्ण प्रदेशांत साठवलेली दारू कुजू लागते तेव्हा निघणारी आम्लं ते शोषून घेतं, हे पुढे लक्षात आलं. नेमकी तीच अडचण हिंदुस्थानात मोठी होती. आजच्या दारूत हे काम डायफिनाइलअमाइनसारखी रसायनं करतात. डबा उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूर दिसला तर ती दारू संपली असं समजावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातला कॉर्डाइटचा कारखाना उभारला तो थंड निलगिरीत, अरुवनकाडूला. मराठी मुलखात काडतुसं १८६९ पासून खडकीला होतात, पुढे वरणगावला कारखाना आला, आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात दारू तयार होते. तिथे २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. काडतुसातल्या चिमूटभर पावडरीबद्दल लिहिताना हे विसरता येत नाही.

ऊन दारूला दुसऱ्याही रीतीने भिडतं. गरम दारू जास्त चपळ जळते. साध्या दारूत दर अंश सेल्सिअसला वेग अर्धा-पाऊण मीटरने वाढतो असं ढोबळ धरा. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांवर जमवलेलं काडतूस ऐन उन्हाळ्यातल्या नवतपात बेचाळीस अंशांवर झाडलं तर वेग वीसेक मीटरने चढतो. जानेवारीत बरोबर मध्यावर लागणारी गोळी ३०० मीटरवर दहाच्या वर्तुळाच्या काठाला जाऊन टेकते. त्यात काडतूस तापलेल्या नळीत मिनिटभर तसंच राहिलं तर आणखीच. शिवाय हिवाळ्यात दाबाच्या मर्यादेला टेकलेला बार उन्हाळ्यात ती ओलांडतो, ही नेमापेक्षा मोठी गोष्ट. यावर उपाय म्हणून उष्णतेला फारसं न जुमानणाऱ्या दारू निघाल्या. त्यांतली जगभर गाजलेली व्हारगेट ऑस्ट्रेलियात मलवाला इथे होते. असल्या दारूची कदर उन्हाच्या देशाला असणारच.

एवढं करून एखाद-दोन दारू हाती उरल्या की परीक्षा. मात्रा थोडी थोडी वाढवत एकेक गोळी झाडायची आणि लक्ष्यावर शिडी चढते तशी भोकं वर चढताना बघायची. काही ठिकाणी मात्रा वाढूनही भोकं एकाच पायरीवर दाटतात. तिथे नळीच्या थरथरीशी दारूचं जमलं आहे असं मानतात, कारण बार उडताना नळी वाजलेल्या घंटेसारखी कंप पावत असते. अमेरिकेतल्या क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. माझं मत थोडं कुचकं आहे. तीन गोळ्या एका भोकात गेल्या म्हणून 'हीच दारू' असं ठरवणारे नेमबाज आणि दोन भाकितं खरी ठरली म्हणून ज्योतिषी पक्का करणारे लोक एकाच आळीतले. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. त्याच मात्रेच्या वीस गोळ्या, दोन वेगळ्या दिवशी, आणि वेगमापकाचे आकडे समोर, मग बोलावं.

हे सारं खजरान्यातल्या स्वयंपाकघरात करता येईल का? नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई करतं, आणि बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. अमेरिका आणि युरोपातले बरेच देश यांत हा गॅरेजमधला छंद आहे, आपल्याकडे तो कारखान्याचा आणि प्रयोगशाळेचा प्रांत.

पण निवड आपल्या नेमबाजांनाही चुकत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. त्याआधी पात्रता फेरीत त्याचे ५९० गुण होते आणि तो सातवा आला. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ वर अकरावा राहिला. आठच जण अंतिम फेरीत जातात. या स्पर्धेतलं .२२ चं काडतूस हाताने भरताच येत नाही, कारण त्याला वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. मग हे लोक दारूऐवजी लॉट, म्हणजे काडतुसांची एका वेळची खेप, निवडतात. बर्मिंगहॅमजवळ काडतुसं बनवणाऱ्या एलीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या कारखान्यात आपली रायफल शिकंज्यात धरून एकेका लॉटच्या गोळ्या झाडायच्या. कारखाना तोच, यंत्र तेच, पेटीवरचं नावही तेच, तरी एक लॉट या नळीला मानवतो आणि दुसरा नाही. जो मानवतो त्याच्या हजारो गोळ्या उचलायच्या. तो संपला की पुन्हा शोध.

सुभेदारांना मी हे सांगितलं तेव्हा ते आत गेले आणि पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. तारीख, पल्ला, वारा, आणि शेवटी दोन रकाने लाल पेन्सिलीने आखलेले: लॉट, गर्मी. एका मे महिन्याच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या देवनागरीत लिहिलं होतं, "दुपारी राउंड वर जातात. पेटी सावलीत ठेवणे. एक क्लिक खाली."